जीर्णोद्धार एका खेळाचा

एखाद्या गावातील काळ्या पाषाणाच्या हेमाडपंती मंदिराचा जीर्णोद्धार होतो, तेव्हा गावकऱ्यांच्या श्रद्धेत काही उणीव नसते. वर्गणी जमते, श्रमदान होते, सभामंडपात चकचकीत फरशी बसते, शिखरावर ऑइलपेंटचे तीन-चार रंग चढतात आणि खांबांवरील कोरीव पाने-फुले रंगाच्या थराखाली बुजून जातात. सारे काही भक्तिभावाने झालेले असते. तरीही लहानपणी त्याच खांबाला पाठ टेकून बसलेला माणूस वीस वर्षांनी गावी येतो, तेव्हा त्याच्या पाठीला तो खांब ओळखीचा वाटत नाही. गेल्या काही वर्षांत जगभरातील एका पिढीने असाच काहीसा अनुभव घेतला. फरक एवढाच, की जीर्णोद्धार मंदिराचा नव्हता, एका व्हिडिओ गेमचा होता.

विषय ऐकून ज्येष्ठ वाचकांच्या कपाळाला आठी पडणे स्वाभाविक आहे. मैदाने ओस पडली, मुलांच्या चष्म्यांचे नंबर वाढले, ही तक्रार काही खोटी नाही. परंतु १९८५ ते १९९०च्या सुमारास जन्मलेली मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत, कर्तीसवरती आहेत, आणि त्यांच्या बालपणाचा एक कोपरा या खेळांनी व्यापलेला आहे. कुणाच्या आठवणी विटीदांडूशी जोडलेल्या असतात, कुणाच्या रेडिओवरील बिनाका गीतमालेशी, तर कुणाच्या दूरचित्रवाणी संचाला वायरने जोडलेल्या एका राखाडी डब्याशी. बालपणाची आठवण कोणत्या वस्तूशी जोडली जावी, हे मागच्या पिढीने ठरवायचे नसते.

तो राखाडी डबा म्हणजे जपानच्या सोनी कंपनीचे प्लेस्टेशन. अँडी गॅव्हिन आणि जेसन रुबिन या दोन अमेरिकी बालमित्रांच्या ‘नॉटी डॉग’ या संस्थेने त्यासाठी ‘क्रॅश बँडिकूट’ हा खेळ तयार केला आणि सप्टेंबर १९९६मध्ये तो बाजारात आला. या प्रकाराला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर अचूक उडी घेत पुढे जायचे, हेच त्याचे सार. ऑस्ट्रेलियाजवळच्या काल्पनिक बेटांवर डॉक्टर निओ कॉर्टेक्स नावाचा दुष्ट शास्त्रज्ञ प्राण्यांवर प्रयोग करतो. त्यातून निसटलेला, निळी विजार आणि बूट घातलेला एक नारिंगी प्राणी धावतो, स्वतःभोवती गिरकी घेतो, लाकडी खोकी फोडतो आणि फळे खातो. कथा इतकीच, आणि खेळणाऱ्याला याहून अधिक कथेची गरजही भासली नाही. १९९७मध्ये दुसरा भाग आला, १९९८मध्ये ‘वॉर्प्ड’ हा तिसरा.

भारतात त्या काळी बहुतेक घरांत कार्ट्रिजवर चालणारा साधा व्हिडिओ गेमच असे. प्लेस्टेशन यायचे ते बहुधा आखातातून किंवा सिंगापूरहून परतणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून. त्यावरच्या सीडी मात्र सर्रास चोरट्या असत. पण या खेळाच्या नावाचे भारताशी नाते त्याहून फार जुने आहे. ‘बँडिकूट’ हा इंग्रजी शब्द मुळात तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, या शब्दापासून आला. मराठीत ज्या प्राण्याला आपण घूस म्हणतो, त्याचे हे नाव. इंग्रजांनी ते उचलले आणि पुढे ऑस्ट्रेलियात दिसलेल्या एका वेगळ्याच, पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्याला चिकटवून टाकले. दोन महासागर ओलांडून तेलुगू घूस अशी अमेरिकी खेळाची नायिका, नव्हे नायक, झाली.

या खेळाचे मोठेपण कळण्यासाठी तो कोणत्या अडचणीत घडला हे पाहावे लागते. प्लेस्टेशनची मुख्य स्मृती होती अवघी २ मेगाबाइट. आजच्या मोबाइलवर काढलेले एखादे साधे छायाचित्रही याहून अधिक जागा अडवते. तेवढ्या जागेत घनदाट जंगल, धबधबे, किल्ल्यांच्या भिंती उभ्या करायच्या होत्या. गॅव्हिन यांनी सीडीवरून दृश्याचे लहान लहान तुकडे खेळ चालू असतानाच उचलून आणण्याची यंत्रणा रचली. कॅमेरा ठरलेल्या वाटेवरूनच फिरणार असल्यामुळे कोणत्या क्षणी काय दिसेल आणि काय झाकले जाईल, याचा हिशेब मोठ्या संगणकांवर आधीच करून ठेवला जाई. नायकाचे शरीर सुमारे पाचशे बहुकोनांचे. पुढची-मागची बाजू चटकन कळावी म्हणून त्याचे पोट फिक्या रंगाचे केले, हात उठून दिसावेत म्हणून हातमोजे दिले. गरिबाच्या संसारात प्रत्येक भांड्याला दोन-तीन कामे असतात, तसा हा कारभार होता.

आणि या काटकसरीच्या केंद्रस्थानी होती उडी. पहिल्या भागात धुक्यात लटकणाऱ्या दोरखंडाच्या पुलांचे दोन टप्पे आहेत. फळ्या तुटक्या, काही पाय ठेवताच निखळणाऱ्या, मध्ये कासवे आणि रानडुकरे. बटण किती वेळ दाबून धरायचे, फळीच्या काठावरून नेमके केव्हा उडायचे, हे डोळ्यांनी पाहून येत नसे. शेकडो वेळा दरीत पडून ते अंगठ्यात मुरत असे. त्यातच केलेली प्रगती जपून ठेवण्याची सोय वाटेल तेव्हा नव्हती, ती मोजक्या ठिकाणी कमवावी लागे. जेवायला हाक आली आणि यंत्र बंद करावे लागले, की कित्येकदा तासाभराची मेहनत पाण्यात जाई. त्या पिढीतील माणूस आज हे हसत सांगतो. तेव्हा तो रडला असणार.

निर्मात्यांनी १९९९नंतर ही मालिका सोडली. हक्क युनिव्हर्सलकडे होते. पुढे कंपन्यांच्या उलाढालीत ते ॲक्टिव्हिजनकडे गेले. या मालिकेचे नवे भाग निघत राहिले, पण पहिल्या तिघांची सर कुणाला आली नाही. अखेर ३० जून २०१७ रोजी या तिन्ही भागांचा जीर्णोद्धार ‘एन. सेन ट्रिलॉजी’ या नावाने प्लेस्टेशन ४वर आला. पुढच्या वर्षी तो इतर यंत्रांवरही आला, आणि २०१९च्या प्रारंभापर्यंत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्याचे कंपनीने जाहीर केले. काम केले होते न्यूयॉर्क राज्यातील ‘व्हिकेरियस व्हिजन्स’ या संस्थेने. मूळ टप्प्यांच्या भूमितीचे आराखडे हाती होते, परंतु वीस वर्षांपूर्वीचे इंजिन जसेच्या तसे वापरणे शक्य नव्हते. रीमास्टर या शब्दाने जुन्या चित्रपटाची प्रत धुऊन स्वच्छ केल्याचा भास होतो. इथे सारे दृश्य, सारी हालचाल नव्याने बांधावी लागली.

डोळ्यांना हा जीर्णोद्धार सुखावणारा होता. नायकाच्या अंगावरील केस दिसू लागले, पाण्यावर ऊन चमकू लागले, जंगलाला खोली आली. अनेकांना वाटले, आपल्याला आठवतो तो खेळ असाच तर होता. डोळ्यांची स्मृती अशी उदार असते, पुढे केलेले चित्र ती सहज आपले मानते. हात मात्र इतका उदार नसतो. पहिल्या भागातील त्या पुलांवर जुने, सराईत खेळाडू पुन्हा पुन्हा कोसळू लागले. प्रथम त्यांनी वयाला दोष दिला. नंतर बारकाईने तुलना झाली आणि त्यांचा अंगठा खरे बोलत होता हे सिद्ध झाले. जुलै २०१७मध्ये निर्मात्यांनीच खुलासा केला: तिन्ही भागांसाठी तिसऱ्या भागातील हालचालीची ढब आधार म्हणून घेतली आहे, नायक उडीनंतर पूर्वीपेक्षा वेगाने खाली येतो, आणि टक्कर ओळखण्याची पद्धतही वेगळी असल्याने काही उड्यांना अधिक अचूकता लागते. पहिला भाग त्यामुळे मूळ खेळाहून कठीण झाला आहे, हेही त्यांनी मान्य केले.

या खुलाशाचे कौतुक केले पाहिजे. आपण काय बदलले हे सांगणारे जीर्णोद्धारकर्ते थोडे असतात. शिवाय इतर बदल विचारपूर्वक होते. प्रगती आपोआप जपली जाऊ लागली, आणि ज्या पहिल्या भागात नायकाची बहीण कोको नव्हतीच, त्यातही तिला घेऊन खेळता येऊ लागले. सर्वांत आनंदाची गोष्ट ‘स्टॉर्मी असेंट’ची. हा टप्पा १९९६मध्ये फार अवघड ठरल्यामुळे मुख्य खेळातून वगळला होता, पण सीडीत तो तसाच पडून राहिला आणि पुढे जिज्ञासूंनी शोधून काढला. नव्या आवृत्तीत तो सन्मानाने खेळाडूंना देण्यात आला. गाभाऱ्याची डागडुजी करताना बुजलेली पायऱ्यांची विहीर सापडावी, तसा हा प्रकार.

प्रश्न जीर्णोद्धार करावा की नाही हा नाहीच. प्रश्न आहे तो जुन्या वास्तूचे पुढे काय होते हा. क्रॅशच्या बाबतीत जुन्या सीडी कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर अजून आहेत, म्हणून तर तुलना झाली आणि अंगठ्याला न्याय मिळाला. सर्वत्र असे घडत नाही. सेगा कंपनीच्या सॉनिकचे मूळ खेळ मे २०२२मध्ये, ‘सॉनिक ओरिजिन्स’ हा संग्रह येण्याच्या तोंडावर, बहुतेक डिजिटल दुकानांतून काढून घेण्यात आले. आणि त्या संग्रहातील तिसऱ्या सॉनिकमध्ये काही टप्प्यांचे मूळ संगीतच बदललेले निघाले. निन्टेन्डोने मारिओच्या तीन गाजलेल्या खेळांचा संग्रह सप्टेंबर २०२०मध्ये काढला आणि ३१ मार्च २०२१ रोजी त्याची विक्री थांबवली. नाशवंत माल असल्यासारखी सहा महिन्यांची मुदत! ‘स्पायरो’ या मालिकेचा जीर्णोद्धार २०१८मध्ये आला, तेव्हा पैसे मोजून घरी आणलेल्या डिस्कवर तिन्ही खेळ पुरते नव्हतेच; दुसऱ्या-तिसऱ्या भागाचा मोठा हिस्सा इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागे. तो पुरवणारा सर्व्हर एक दिवस बंद झाला, तर हातात राहील ती केवळ चकती.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१०पूर्वी त्या देशात आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. संशोधकांना असे खेळ ग्रंथालयांकडून दूरस्थ पद्धतीने पाहता यावेत, अशी मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाकडे करण्यात आली. उद्योगाच्या प्रतिनिधींनी तिला विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये ती फेटाळली गेली. जी कंपनी जुना खेळ विकत नाही, तिच्याच हिताच्या नावाखाली तो इतरांनी जपूही नये, असा हा अजब न्याय आहे. एखाद्या पुस्तकाबाबत प्रकाशकाने अशी भूमिका घेतली, तर कोणता वाचक ती ऐकून घेईल?

हा अमेरिकेचा प्रश्न म्हणून सोडून देता येण्यासारखा नाही. १९३१च्या ‘आलम आरा’ या भारताच्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळी त्याला कुणी राष्ट्रीय ठेवा समजले नव्हते. दोन घटका करमणूक समजले होते. पुस्तकांच्या बाबतीत १९५४चा कायदा प्रकाशकांना कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईसह अन्य नेमलेल्या ग्रंथालयांत प्रती जमा करायला सांगतो. खेळांसाठी अशी तरतूद नाही. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२०मध्ये ‘राजी’ हा खेळ जगासमोर आणला. भावाच्या शोधात असुरांशी लढणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांची निवेदने, राजस्थानी वास्तुकलेची छाया असलेले महाल, आणि भिंतींवरून, कठड्यांवरून घेतलेल्या उड्या. आज दहा वर्षांची असलेली एखादी मुलगी तो खेळत मोठी होईल आणि २०५०मध्ये तिला तो पुन्हा पाहावासा वाटेल. त्या वेळी तो कोणत्या कपाटात असेल, याचे उत्तर आज कोणत्याही सरकारी खात्याकडे नाही. एखाद्या अभिलेखागाराने भारतात तयार होणाऱ्या खेळांची मूळ प्रत, ते चालवणाऱ्या यंत्रासह, ठेवून घ्यायला सुरुवात केली, तर त्याला फार मोठी जागा लागणार नाही.

क्रॅशचा जीर्णोद्धार करणारी ‘व्हिकेरियस व्हिजन्स’ २०२२मध्ये ब्लिझार्डमध्ये विलीन झाली आणि तिचे नावही गेले. ऑक्टोबर २०२३मध्ये ॲक्टिव्हिजनच मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. त्या नारिंगी प्राण्याचा मालक अशा रीतीने आणखी एकदा बदलला.

घरोघरी मात्र त्याचा पूल तसाच लटकतो आहे. ज्या मुलाने जुना खेळ कधी पाहिलेलाच नाही, तो नव्या उडीला सरावतो आणि चार-सहा प्रयत्नांत पलीकडे पोचतो. शेजारी बसलेले त्याचे वडील कंट्रोलर हातात घेतात, तिसऱ्याच फळीवरून खाली जातात, आणि उडी पूर्वी अशी नव्हती, हे त्याला पुन्हा एकदा सांगू लागतात.