ट्रॉली सगळ्यांची, गल्ला कोणाचा?

“सुपरमार्केटमध्ये कोणी जात विचारत नाही.” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे आणि त्यात तथ्यही आहे. गावातला किराणा दुकानदार गिऱ्हाइकाला आडनावाने आणि वस्तीने ओळखतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला सामानाची पुडी वरून टाकली जायची, पैसे हातात न घेता फळीवर ठेवायला लावायचे. शहरातल्या सुपरमार्केटमध्ये ट्रॉली घ्यायची, हवे ते रॅकवरून उचलायचे, रांगेत उभे राहायचे आणि बिल चुकते करायचे. हा बदल लहान नाही. पण तो दाराशी आणि रांगेत झालेला बदल आहे. गल्ल्यावर, गोडाऊनमध्ये, खरेदी विभागात आणि मालकीत काय बदलले, हा प्रश्न आपण अजून नीट विचारलेलाच नाही.

दुकान ही आपल्या इतिहासात कधीच साधी जागा नव्हती. मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात या समितीने सामाजिक बहिष्काराचे हत्यार कसे चालते ते नोंदवले आहे. अस्पृश्यांनी हक्क मागितले की गावच्या वाण्याला हुकूम सुटायचा, यांना जीवनावश्यक वस्तू विकायच्या नाहीत. म्हणूनच संविधानाच्या कलम १५(२) मध्ये ‘दुकाने’ हा शब्द आला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले की हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे. पैसे घेऊन सेवा देणाराही त्यात येतो. गिऱ्हाईक म्हणून दुकानात पाऊल ठेवण्याचा आपला हक्क असा लिहून मिळालेला आहे.

सुपरमार्केटचा जन्म मात्र दुसऱ्या एका भेदभावाच्या प्रदेशात झाला. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेम्फिस शहरात ६ सप्टेंबर १९१६ रोजी क्लॅरेन्स सॉंडर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडले. त्याआधी किराणा दुकानात काउंटरमागचा नोकर माल काढून द्यायचा. गोऱ्या गिऱ्हाइकांचे आटोपेपर्यंत कृष्णवर्णीयांनी ताटकळत राहायचे, हा तिथला रिवाज होता. सॉंडर्स यांचा हेतू समतेचा नव्हता. नोकरांचा पगार वाचवायचा आणि माल स्वस्त विकायचा, एवढाच हिशेब होता. पण गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायचा म्हटल्यावर कोणाला आधी द्यायचे हे ठरवणारा काउंटरमागचा माणूसच बाजूला झाला. स्वयंसेवेची ही पद्धत पुढे जगभर पसरली.

मग भेदभाव संपला का? पुढच्या पन्नास वर्षांचा अनुभव वेगळा आहे. साखळी दुकाने कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत शिरली, त्यांचा पैसा घेऊ लागली, पण व्यवस्थापक आणि कॅशियर म्हणून त्यांना नेमायला तयार नव्हती. १९३० च्या दशकात शिकागो, न्यूयॉर्क आणि इतर शहरांत ‘जिथे काम मिळत नाही तिथे खरेदी करू नका’ अशी मोहीम उभी राहिली. १९६२ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने अटलांटात ‘ऑपरेशन ब्रेडबास्केट’ सुरू केले. १९६६ मध्ये ते शिकागोत पोहोचले आणि तरुण जेसी जॅक्सन यांनी त्याची धुरा घेतली.

या मोहिमेची कार्यपद्धती आपण बारकाईने पाहायला हवी. सुरुवात घोषणेने होत नव्हती, आकड्यांनी होत होती. चर्चचे धर्मोपदेशक कंपनीकडे जाऊन विचारायचे: तुमच्याकडे कोणत्या कामावर किती माणसे आहेत आणि त्यात आमची किती? त्यानंतर वाटाघाटी. कंपनी ऐकत नसेल तर रविवारी चर्चमधून बहिष्काराची हाक आणि दुकानासमोर निदर्शने. मागण्याही नोकरीपाशी थांबत नव्हत्या. कृष्णवर्णीय उत्पादकांचा माल रॅकवर ठेवा, साफसफाईची कंत्राटे त्यांना द्या, दुकानाची रक्कम त्यांच्या बँकेत ठेवा, असे त्या म्हणत. ऑगस्ट १९६७ मध्ये किंग यांनी जाहीर केले की शिकागोत २,२०० हून अधिक नोकऱ्या मिळाल्या आहेत. त्याच वर्षी ‘ए अँड पी’ या बड्या साखळीशी करार झाला. तो पाळला गेला नाही, म्हणून १९६८ मध्ये त्यांना पुन्हा बहिष्कार पुकारावा लागला. करारावर सही घेणे हे अर्धे काम. पाळला जातो की नाही ते मोजत राहणे हे उरलेले अर्धे.

३ एप्रिल १९६८ रोजी किंग यांनी आयुष्यातले शेवटचे भाषण केले. नोकऱ्या देताना भेदभाव करणाऱ्या कंपन्यांचे दूध आणि पाव घेऊ नका, असे त्यांनी त्या भाषणात लोकांना सांगितले. शहर होते मेम्फिस. ज्या शहरात पहिले स्वयंसेवा दुकान उघडले, त्याच शहरात ५२ वर्षांनीही हे सांगावे लागत होते.

अमेरिकेत या काळातल्या चळवळींनी आणखी एक गोष्ट मिळवली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर, १९६६ पासून, मोठ्या खासगी कंपन्यांना कामगारांचा वंशनिहाय आणि पदनिहाय हिशेब दरवर्षी सरकारला द्यावा लागू लागला. दक्षिण आफ्रिकेने १९९८ च्या रोजगार समता कायद्याने असाच हिशेब सक्तीचा केला.

आता आपल्याकडे या. मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार दरवर्षी व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. किती स्त्रिया कामावर आहेत, किती अपंग व्यक्ती आहेत, हे त्यात सांगावे लागते. किती दलित, किती आदिवासी, हा रकाना नाही. वंचित गटांतल्या पुरवठादारांना खरेदीत प्राधान्य देता का, असा एक प्रश्न मात्र आहे. म्हणजे ब्रेडबास्केटचा रॅकवरच्या मालाचा प्रश्न इथे छापील स्वरूपात पोहोचला आहे! पण त्याचे उत्तर देणे ऐच्छिक आहे. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट २०१२ च्या धोरणाने ठरवले. खासगी साखळ्यांना तेही लागू नाही. २००६ मध्ये उद्योग संघटनांनी स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली. आरक्षणाचा कायदा नको, आम्ही आपणहून करू, हा तिचा सूर होता.

आपणहून काय होते हे सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढे बोलावले जाण्याची शक्यता उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. ट्रॉली ढकलताना आडनाव विचारत नाहीत, हे खरे. अर्जावर मात्र ते पहिल्याच ओळीत असते.

कोणी म्हणेल, मग आपणही बहिष्कार टाकू. इथे थांबून विचार करायला हवा. शिकागोत कृष्णवर्णीय एकाच भागात दाटीने राहत होते; त्यांनी पाठ फिरवली की दुकान ओस पडायचे. २०११ च्या जनगणनेनुसार आपण अनुसूचित जाती देशात १६.६ टक्के आहोत, आणि गावोगाव विखुरलेले. बहिष्कार हे आपल्याकडे आजवर दुसऱ्यांच्या हातातले हत्यार राहिले आहे. आर्थिक बहिष्कार अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरवावा लागला, तो उगाच नव्हे. म्हणून ब्रेडबास्केटची शेवटची पायरी आपल्याला जशीच्या तशी उचलता येणार नाही. पहिली मात्र नक्की येते.

ती पायरी म्हणजे हिशेब मागणे, आणि हे काम पदवीधरांचे आहे. हे अहवाल कोणालाही वाचता येतात. आपल्या शहरातल्या साखळीचा अहवाल उघडा आणि पुरवठादारांबद्दलच्या प्रश्नापुढे काय लिहिले आहे ते पाहा. कामगार संघटनांनी, विद्यार्थी संघटनांनी, आपल्या खासदारांनी एकच मागणी लावून धरावी: स्त्रिया आणि अपंगांच्या रकान्याशेजारी अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाचा रकाना, तोही पदनिहाय आणि सक्तीचा. पदनिहाय यासाठी, की झाडू मारणारे आणि ओझी उचलणारे हात मोजून समावेशकतेची जाहिरात करता येऊ नये.

खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाचा लढा मोठा आहे आणि तो चालूच राहील. पण आकडाच नसेल तर समोरचा म्हणणार, आमच्याकडे जात पाळली जात नाही, आणि आपल्याकडे त्यावर उत्तर नसेल. दुकानात जाण्याचा हक्क बाबासाहेबांनी संविधानात लिहून ठेवला. दुकान चालवणाऱ्यांत आपण किती, हे विचारणे आपल्या पिढीकडे आले आहे.