आधी शेण तोला, मग खड्डा खणा

मंडळी, हल्ली गावात कुणी ना कुणी साहेब येतात आणि 'अपारंपरिक ऊर्जा', 'नवीकरणीय ऊर्जा' असले जड शब्द चावडीवर टाकून जातात. ऐकणारा मान डोलावतो. पण घरी आल्यावर कारभारणीने विचारले, "काय सांगत होते हो?" की नेमके सांगता येत नाही. शब्द जड असला तरी गोष्ट शेतकऱ्याला नवी नाही. कणगीतले धान्य आणि गाईचे दूध यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. कणगी कितीही मोठी असली तरी रोज पायली-पायली काढता काढता एक दिवस तळ दिसतो. दूध मात्र आज काढले म्हणून उद्या संपत नाही. पण गाय देईल तेवढेच घ्यायचे. पाहुणे आले म्हणून ती दोन तांबे जास्त देत नाही.

दगडी कोळसा, रॉकेल, डिझेल, सिलिंडरचा गॅस ही सारी कणगी. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीखाली गाडली गेलेली झाडेझुडपे आणि समुद्रातले बारीक जीव यांपासून ती भरली, आणि आपण ती दोन-तीनशे वर्षांत उपसायला बसलो आहोत. ऊन, वारा, वाहते पाणी, शेण, पाचट ही दुभती गाय. लाकडाचे मात्र दोन्हीकडे पाय. जेवढे वाढते तेवढेच तोडले तर ती गाय; बांधावरची बाभूळ, लिंब सगळेच चुलीत घातले तर तीही कणगीच.

या साऱ्यांचे मूळ बहुतेक एकच, सूर्य. उन्हाने जमीन तापते म्हणून वारा सुटतो. उन्हाने पाण्याची वाफ होते, ढग येतात, डोंगरावर पाऊस पडतो आणि कोयनेचे पाणी १९६० च्या दशकापासून वीज देत राहते. उन्हावर कडबा वाढतो, तो बैल खातो आणि त्याचे शेण होते. म्हणजे गोठ्यातली शेणाची पाटी हे एका परीने साठवलेले ऊनच.

आता यातले शेतकऱ्याच्या उपयोगाचे कोणते? साताऱ्याकडे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे. पण पवनचक्की सगळ्या रानात चालत नाही, तिला मोकळे पठार आणि भरपूर वारा लागतो. शिवाय आपल्याकडे जोराचा वारा येतो तो पावसाळ्यात, जेव्हा विहिरीवरची मोटार बंद असते. सौरपंपाचे तसे नाही. ऊन कडक तेव्हा पिकाला तहान जास्त आणि पंपाला जोरही जास्त, ही जोडी चांगली जमते. एक किलोवॉटचे पत्रे स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण ४ ते ५ युनिट वीज देतात; धूळ साचू दिली तर कमी. रात्री मात्र काही नाही. पण रात्री साप-विंचवात बॅटरी घेऊन पाणी द्यायला जाणे चुकते, हे काय थोडे झाले? सौरपंपाचा हिशेब मोठा आहे, तो स्वतंत्रपणे मांडावा लागेल. आज बोलायचे आहे ते घरात रोज तयार होणाऱ्या, आणि म्हणूनच कुणी फारशी किंमत न करणाऱ्या शेणाबद्दल.

गोबर गॅस ही काही काल-परवाची टूम नव्हे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस काढण्याची सोय १८९७ साली झाली होती. पुढे जशभाई पटेल यांनी तरत्या टाकीचे संयंत्र शेतकऱ्याच्या अंगणात बसेल असे केले, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेले. ती लोखंडी टाकी गंजायची, म्हणून विटा-सिमेंटचा घुमट आला. त्यातला 'दीनबंधू' हा स्वस्त प्रकार १९८४ चा. आपल्या देहू गावात तर डॉ. मापुसकर यांनी आयुष्य घालवून संडासाला जोडलेली गॅस संयंत्रे रुजवली. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आत घडते काय? गाईम्हशीच्या पोटात चारा पचवणारे सूक्ष्म जंतू असतात, ते शेणाबरोबर बाहेर येतात. त्यांना हवा चालत नाही. उघड्या उकिरड्यावर ते मागे पडतात. बंद खड्ड्यात, ओलाव्यात आणि उबेत मात्र ते काम सुरू ठेवतात. या कामातून जो वायू सुटतो त्यात निम्म्याहून थोडा जास्त मिथेन असतो. हाच जळणारा भाग. उरलेला बहुतेक कर्बवायू, तो जळत नाही. घुमटाच्या संयंत्रात गॅस वर साठला की तो खालचा काला दाबून निकासकुंडीत वर चढवतो, आणि त्या चढलेल्या काल्याच्या वजनाने गॅस नळीतून शेगडीकडे ढकलला जातो. ना मोटार, ना पंखा.

आता खरी गंमत हिशेबात आहे. ५० किलो ओले शेण घ्या. ते थापून वाळवले की सुमारे १० किलो गोवऱ्या होतात. गोवरीच्या चुलीत दहा भाग उष्णता निघाली तर भांड्याला जेमतेम एक भाग लागतो. बाकीची धुरातून, भिंतीतून, वाऱ्यातून जाते. तेच ५० किलो शेण संयंत्रात घातले तर सुमारे २ घनमीटर गॅस मिळतो, आणि शेगडीवर त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याला लागते. गुणाकार करून पाहिला तर स्वयंपाकाला कामी येणारी उष्णता दुपटीहून अधिक भरते. आणि गोवरी जाळल्यावर हाती राख येते. तिच्यात पालाश-स्फुरद असते, पण नत्र सारे हवेत गेलेले असते. संयंत्रातून मात्र रबडी बाहेर येते, तिच्यात नत्र राहते. म्हणजे पाटी एकच, तिच्यातून चूलही पेटते आणि शेतही जेवते. गोवरी जाळणे म्हणजे शेतकऱ्याने आपल्या रानाच्या ताटातला घास काढून चुलीला घालणे होय.

सिलिंडरशी तुलना करू. २ घनमीटर गॅस हा साधारण पाऊण ते एक किलो सिलिंडरच्या गॅसइतके काम करतो. म्हणजे संयंत्र पुरेपूर चालले तर १६-१७ दिवसांत एका १४.२ किलोच्या टाकीइतका गॅस घरचा झाला. उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून पुष्कळ घरांत शेगडी आली हे खरे. पण दुसरी-तिसरी टाकी भरायची वेळ आली की पैसे हातात नसतात, आणि शेगडी फळीवर ठेवून बाई पुन्हा चुलीपुढे बसते, हेही तितकेच खरे.

मग दारोदार गोबर गॅस का नाही? आणि जे बांधले त्यांतले कितीतरी खड्डे आज कडब्याने भरलेले का दिसतात? माझ्या मते दोष यंत्राचा कमी आणि अंदाजाचा जास्त. अनुदान मिळते म्हणून मोठे संयंत्र बांधले, आणि गोठ्यात शेण निम्मेच. दुभत्या गाईचे उदाहरण इथेच लक्षात ठेवायचे.

म्हणून अर्ज करण्याआधी आठ दिवस एक काम करा. रोज सकाळी गोठ्यात पडलेले शेण खरोखर तोला. मोठे जनावर दिवसाला साधारण १० किलो शेण देते, म्हैस त्याहून अधिक. पण जनावर दिवसभर चरायला गेले की जवळजवळ निम्मे शेण माळावर पडते, ते मोजायचे नाही. वासरे-कालवडी पूर्ण जनावर म्हणून धरू नयेत. आणि दिवाळीनंतर बैलजोडी विकून नांगरट ट्रॅक्टरने करायची असा बेत असेल तर त्या बैलांचे शेणही हिशेबातून आजच वजा करा. तोल रोज ५० किलोच्या आसपास आला, म्हणजे घरी बांधलेली पाच-सहा जनावरे असतील, तर २ घनमीटरचे संयंत्र घ्यावे. पाच-सहा माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. २५ किलो आला तर १ घनमीटरचे. चहा आणि एक वेळचे जेवण निघते, बाकीला चूल राहील. त्याहून कमी असेल तर शेण खतालाच ठेवावे आणि संयंत्राचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेणाइतकेच पाणीही लागते. ५० किलोला ५० लिटर, म्हणजे तीन हंडे, रोज. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे हे तीन हंडे कोण देणार? गोठा धुतलेले गोमूत्राचे पाणी, तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चालते. साबणाचे, फिनेलचे मुळीच चालत नाही. जंतू मारायलाच फिनेल असते, ते खड्ड्यातले जंतूही मारते.

आणि तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, तो मी विचारते: हे शेण रोज कालवणार कोण? घरातला कारभारी अर्जावर सही करतो, गवंडी खड्डा बांधतो, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवसापासून घमेली वाहायचे काम सुनेच्या डोक्यावर. ती आधीच दळण, पाणी, निंदणी, मुले यांत बुडालेली. धूर गेला, डोळ्यांची चुरचूर आणि खोकला कमी झाला, गोवऱ्या थापणे आणि काळी भांडी घासणे वाचले हे तिलाही पटते. पण पन्नास किलो शेण आणि तीन हंडे पाणी ही काही बसल्या जागेची कामे नव्हेत. ज्या घरी पुरुषमाणूस धार काढल्यावर स्वतः काला करतो, त्या घरचे संयंत्र वर्षानुवर्षे चालते. निदान मिश्रणकुंडी गोठ्याच्या दाराशी आणि उतारावर बांधा, म्हणजे शेण उचलायला न लागता ओढून नेता येईल. संडास जोडायचा की नाही हे घरात सर्वांनी बसून ठरवावे; देहूसारख्या गावाने जोडून दाखवले आहे. पण जोडला तर त्यात ॲसिड, फिनेल ओतता येणार नाही.

जागा उन्हाची हवी. झाडाची सावली गार, आणि मुळे भिंत फोडतात. विहीर निदान पन्नास फूट दूर असावी. स्वयंपाकघर मात्र जवळ हवे; नळी लांबली की गॅसचा जोर कमी होतो. नळीला उतार देऊन सखल जागी पाणी काढायची तोटी ठेवावी, कारण गॅसबरोबर वाफ येते, तिचे पाणी होऊन साठते आणि ज्योत फडफडते. 'गॅस संपला' असे वाटते तेव्हा पुष्कळदा नुसते पाणी अडलेले असते.

दोन गोष्टी मात्र जिवाच्या आहेत, त्या घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. गळती पाहायला काडी ओढायची नाही. सांध्यांना साबणाचे पाणी लावा, बुडबुडे आले की गळती तिथेच. आणि चालू किंवा बंद पडलेल्या संयंत्रात, रिकामे दिसले तरी, उतरायचे नाही. आत प्राणवायू नसतो आणि विषारी वायू असतात. पहिला माणूस पडला की त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. सफाईला जाणकार माणूस आणि साधने घेऊनच हात घालावा.

बाहेर येणारी रबडी ही फुकटची नाही, ती निम्मी कमाई आहे. पाटाच्या पाण्याबरोबर ऊस, भाजीपाला, केळीला सोडता येते. रोज सोडायला पीक नसेल तर दोन उथळ खड्डे आळीपाळीने भरा. पाचट, पालापाचोळ्याचा एक थर, वर रबडी, असे रचत गेले तर खरिपाआधी चांगले खत होते. उघड्यावर वाळत घातली तर नत्र उडून जाते, मग संयंत्राचा निम्मा फायदा गेला. चांगल्या कुजलेल्या रबडीला वास येत नाही, माश्या बसत नाहीत. वास येत असेल तर काला पुरता कुजायच्या आधीच बाहेर पडतो आहे, म्हणजे तुम्ही रोज जास्त घालता आहात.

अनुदानाचे दर बदलत राहतात, म्हणून आकडा इथे छापत नाही. पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा, आणि बांधायचा गवंडी घुमटाचे काम शिकलेला आहे ना, त्याने पूर्वी बांधलेले एखादे संयंत्र चालू आहे ना, हे स्वतः जाऊन पाहा. घुमट साध्या गवंड्याचे काम नव्हे. केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निघून जातो.

बांधकाम दिवाळीनंतर, खड्ड्यात पाणी लागत नाही तेव्हा काढावे. २ घनमीटरच्या संयंत्रात सुरुवातीला सुमारे दोन हजार किलो शेण लागते, ते आधीपासून ओले झाकून साठवा किंवा शेजाऱ्यांकडून उसने आणा. थंडीत जंतू सुस्तावतात, म्हणून भरण थंडी ओसरता ओसरता, माघात करावे. दोन-तीन आठवड्यांनी गॅस येतो, पण पहिला गॅस हवा आणि कर्बवायूचा असतो. तो न पेटवता सोडून द्यायचा. मग निळी ज्योत धरते. पाडव्याच्या पुरणाला ती मिळावी असा बेत करायला हरकत नाही, मात्र पुरण शिजायला वेळ लागतो आणि पाहुणेही असतात, तेव्हा त्या दिवशी चूलही सारवून तयार ठेवा.