तागाचें पांघरूण

परसांतील वाफा रिकामा ठेवला म्हणजे जमिनीस विसांवा मिळतो, अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. ती चुकीची होती, हें आमच्याच परसानें आम्हांस शिकविलें. उघड्या मातीवर पावसाचे थेंब आपटतात, वरचा सुपीक थर पाण्याबरोबर वाहून जातो आणि मागें खडे उरतात. माणसास विसांवा पांघरुणाखालीं लाभतो. मातीचीही गोष्ट तीच.

अमेरिकेतील आयोवा प्रांतांत मक्याचें पीक निघालें कीं कित्येक शेतकरी राय नांवाचें गव्हासारखें तृणधान्य पेरतात. तें खाण्याकरितां नव्हे, केवळ जमीन झांकण्याकरितां. तेथील बर्फांतही तें जगतें. त्याचीं दाट मुळें माती धरून ठेवतात आणि मागच्या पिकाच्या खतांतील उरलेला नत्र वाहून जाऊं न देतां शोषून घेतात. पुढें वसंतांत, दाणा धरण्यापूर्वींच, तें मारून त्याच जागीं सोयाबीन पेरतात.

आपल्याकडे हें काम ताग करतो. मनुस्मृतींत क्षत्रियाचें यज्ञोपवीत ज्या शणाच्या सूत्राचें सांगितलें आहे, तो शण म्हणजेच हा ताग. राय उरलेला नत्र राखतें एवढेंच. ताग शेंगवर्गांतील असल्यामुळें त्याच्या मुळांवरील गांठींतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र नव्यानें मिळवून देतात. मृगाचा पाऊस पडतांच गुंठ्यास सुमारें अर्धा किलो बीं फेंकावें. पाणी सांचणाऱ्या जागीं मात्र तागाऐवजीं धैंचा पेरावा.

येथवर कोणीही करील. खरी परीक्षा पुढें, कापणीच्या वेळीं. तींत आम्ही नापास झालों, हें सांगणें प्राप्त आहे. पहिल्या वर्षीं ताग पुरुषभर वाढला, पिवळ्या फुलांनीं परस भरून गेलें आणि नातवंडांच्या आग्रहास्तव आम्हीं कापणी लांबणीवर टाकली. शेंगा वाळूं लागल्यावर तो गाडला व लगेच वांग्याचीं रोपें लावलीं. थोड्याच दिवसांत तीं पिवळीं पडलीं. घरांतून प्रश्न आला, "खत घातलें, कीं होतें तें काढून घेतलें?" प्रश्न रास्त होता. काष्ठवत् झालेलीं खोडें कुजवितांना मातींतील जंतु स्वतःस लागणारा नत्र मातींतूनच उचलतात, आणि रोपें उपाशीं राहतात. त्या वर्षीं चंपाषष्ठीच्या भरितास वांगीं बाजारांतून आणावीं लागलीं.

तेव्हांपासून आमचा नियम असा : पेरणीनंतर सुमारें ४५ दिवसांनीं, फुलें दिसूं लागतांच, कोंवळा ताग कापून ओल असतांना मातींत गाडावा, आणि दोन-तीन आठवडे थांबून मगच रोपें लावावीं. शोभेचा मोह धरूं नये. दान योग्य काळीं दिलें तरच फलद्रूप होतें, असें आम्ही वर्गांत मुलांस सांगत असूं. तें स्वतः शिकावयास आम्हांस सेवानिवृत्तीनंतरचा एक पावसाळा लागला.

गेल्या चंपाषष्ठीस नैवेद्याचें भरीत परसांतल्या वांग्यांचें झालें. घरांतून पुन्हां प्रश्न आला नाहीं.