आयुक्त महोदय, धंतोलीतला उजेड जरा कमी करा

मा. आयुक्त,
नागपूर महानगरपालिका, यांस,



विदर्भात किंवा पलीकडे छिंदवाडा-बालाघाटात कुणाच्या डोक्याला मार लागला की गाडी धंतोलीकडे वळते. मेंदूचे डॉक्टर इथे गल्लोगल्ली आहेत. आम्हा रहिवाशांची पार्किंगची रड हायकोर्टापर्यंत जाऊन आली, ती आपल्याला पाठ असेल. आजचं गाऱ्हाणं निराळं आहे, आणि ते आमचं नाही, रुग्णांचं आहे.

डोक्याला मुका मार बसलेल्या अनेकांना पुढे उजेड सहन होत नाही. सीटी स्कॅन बहुधा नॉर्मल येतो, कारण त्यात रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. मेंदूच्या पेशींच्या कामातला बिघाड दिसत नाही. मग घरचेच म्हणतात, "रिपोर्ट चांगला आहे ना, मग नाटकं कशाला?" नाटक नसतं ते. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींचं मुख्य काम उजेड किती आहे ते मेंदूला कळवणं. निळसर प्रकाशाने त्या सर्वांत जास्त चेतवल्या जातात आणि त्यांचे धागे डोकेदुखीच्या वाटांना जाऊन मिळतात. पांढऱ्या एलईडीत नेमका हा निळा भाग ठळक. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ओसरतो, काहींचा महिनोन्‌महिने रेंगाळतो.

असा माणूस फेरतपासणीला येतो तेव्हा वेटिंग हॉलच्या छतावर पांढरे पॅनल, खालच्या चकचकीत फरशीत तेच पॅनल पुन्हा, भिंतीवर टीव्ही, शेजारी टोकनचा लुकलुकता लाल आकडा. एक कॉलेजचा पोरगा आईच्या ओढणीत तोंड खुपसून बसलेला मी पाहिला. नंबर आला तेव्हा डोळे मिटलेलेच ठेवून तो तिचा हात धरून आत गेला. बाहेर औषधांच्या दुकानांच्या सरकत्या पाट्या आणि समोरून गाड्यांचे हाय बीम. समोरच्याचे डोळे दिपू नयेत असा झोत खाली वळलेला हवा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत 1989 पासून लिहिलेलं आहे. ते काम पोलिसांचं आणि आरटीओचं, मान्य; पाट्या आणि दिव्यांचे खांब तर आपल्या अखत्यारीत ना?

डोक्याच्या माराकडे आपण कसं बघतो ते क्रिकेटमध्येही दिसलं. 31 जानेवारी 2025 ला पुण्यातल्या सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि बदली म्हणून हर्षित राणा आला. वाद पेटला तो बदलीला वेगवान गोलंदाज कसा, यावर. डोक्याची विचारपूस त्या गलक्यात मागेच पडली. आपल्याकडे हे असंच चालतं.

शहरातल्या रुग्णालयांची नोंदणी आपल्याच आरोग्य विभागाकडे होते. शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तसंच एक परिपत्रक काढा: मेंदूचे रुग्ण तपासणाऱ्या ठिकाणी टीव्ही नसलेला एक मंद कोपरा असावा. डिस्चार्ज कार्डावर मराठी-हिंदीत स्पष्ट लिहावं, की उजेडाचा त्रास होऊ शकतो. उन्हात टोपी-गॉगल वापरा, पण घरात दिवसभर काळा चष्मा नको, त्याने डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड आणखीच टोचतो. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या किंवा गुंगी आली तर थेट इमर्जन्सीत या. आणि खांबांवरचे दिवे बदलाल तेव्हा पिवळसर, वरून झाकलेले घ्या.

उन्हाळ्यात सिग्नलवर सावलीसाठी हिरवी जाळी लावायचं या शहराला सुचतं, तर हे अवघड नाही. फक्त परिपत्रकावर सही करण्याआधी एकदा संध्याकाळी सातनंतर धंतोलीच्या मेहाडिया चौकातून पायी चालून बघा, गाडीतून नव्हे.

आपला,
धंतोलीतला एक रहिवासी