फोन बिनतारी, जीव मात्र प्लगमध्ये

बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी या गावांत ज्यांच्या घरी किंवा दुकानात फायबरचं इंटरनेट आलं, त्यांच्या भिंतीवर एक छोटा डबा लागला आहे. डब्याच्या मागे टेलिफोनची पिन बसवायचं एक चौकोनी भोक असतं आणि बहुतेक ठिकाणी ते रिकामंच राहतं. बीएसएनएल असो, जिओ असो की एअरटेल, फायबरच्या जोडणीबरोबर लँडलाइनचा नंबर मिळतो आणि पुष्कळ योजनांत बोलण्याचे वेगळे पैसेही पडत नाहीत. लोक तो नंबर विसरून जातात. ज्यांना आठवतो ते दुकानात जाऊन कॉर्डलेस मागतात, कारण डबा टीव्हीच्या वर कोपऱ्यात ठोकलेला असतो आणि तिथे स्टुलावर चढून कोण बोलणार?

मोबाइलच्या लाटेत लँडलाइन संपली असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. आकडेही तसेच होते. २००६ मध्ये देशात सुमारे ५ कोटी लँडलाइन होत्या, २०२० पर्यंत त्या २ कोटींवर आल्या. पुढे फायबरने हा आकडा उलटा फिरवला आणि तो पुन्हा ३ कोटींच्या वर गेला. यात खेड्यांचा वाटा फार नाही, हेही मान्य केलं पाहिजे. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणाऱ्या घरांना मुकादमाचा मोबाइल नंबर पुरतो, कॉर्डलेस त्यांच्या यादीत नसतो. तो घेणारे असतात तालुक्याच्या गावातले डॉक्टर, वकील, मेडिकलवाले, मोंढ्यातले आडते, लॉजवाले, शाळा, पतसंस्था आणि निवृत्त होऊन गावातच राहिलेली, मुलं पुण्यात असलेली जोडपी.

या मंडळींना दुकानदार आधी रंग दाखवतो, मग स्क्रीन, मग खोक्यावरची ‘३०० मीटर रेंज’. आपल्याकडे ही तिन्ही शेवटी पाहायची. आधी पाहायची वीज आणि मग भिंत.

विजेचं आधी का, ते जुन्या तारेच्या फोनकडे पाहिल्यावर कळतं. त्या फोनला घरातला प्लग लागतच नसे. त्याला लागणारे ४८ व्होल्ट तांब्याच्या त्याच दोन तारांतून एक्स्चेंजमधून यायचे, आणि एक्स्चेंजला बॅटऱ्यांची रांग आणि डिझेल जनरेटर असायचा. म्हणून २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, मराठवाड्यातल्या गावांत तासन् तास लाइट नसताना, पंखा बंद, टीव्ही बंद, पिठाची गिरणी बंद, पण फोन चालू असायचा. (औष्णिक वीज केंद्र याच जिल्ह्यात, परळीला. २०१३ च्या दुष्काळात तेच पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं. विजेवर भरवसा ठेवण्याबाबत बीडकर सावध असतात ते काही उगाच नाही.)

कॉर्डलेसने ही सोय काढून घेतली. त्याच्या हातातल्या फोनला बॅटरी असते, पण लाइनला जोडलेला असतो तो खालचा बेस, आणि बेस चालतो घरच्या विजेवर. लाइट गेली की बेस बंद. हातातल्या फोनचा स्क्रीन मात्र उजळलेला, बॅटरी भरलेली, आणि कानाला लावला तर सगळं शांत. असं झालं की माणूस लाइन खराब झाल्याची तक्रार देतो. लाइनमन येतो, साधा फोन लावून पाहतो आणि टोन मिळतो.

तांब्याची लाइन ज्यांच्याकडे अजून आहे त्यांच्यासाठी यावर स्वस्त उपाय आहे: जुना तारेचा फोन फेकू नये, कपाटात ठेवावा आणि लाइट गेली की लावावा. फायबरवाल्यांना ही पळवाट नाही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. भिंतीवरचा डबा बंद पडला की तारेचा फोनही मुका आणि कॉर्डलेसही मुका. म्हणजे आता दोन यंत्रं जागी ठेवायला हवीत, डबा आणि बेस.

हे अवघड नाही, फक्त खरेदीच्या आधी डोक्यात यायला हवं. बेस दोन-तीन वॉटच खातो, डबाही साधारण दहा-पंधरा वॉटमध्ये भागवतो. घरोघरी आणि दुकानोदुकानी इन्व्हर्टर आहेतच. अडचण असते वायरिंगची. इन्व्हर्टरची लाइन पंख्यांना, दिव्यांना आणि एखाद्याच प्लगला दिलेली असते, आणि फोनचा प्लग नेमका दुसऱ्या लाइनवर असतो. दोन हजारांचा फोन आणण्याआधी वायरमनला बोलावून तो एक प्लग इन्व्हर्टरवर घेतला, तर पुढच्या निम्म्या तक्रारी होतच नाहीत. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएसही चालतो, पण तो बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि कॉर्डलेसचे ॲडॉप्टर बऱ्याचदा त्याच्या निम्म्या व्होल्टचे असतात. पिन बसते म्हणून खुपसली की बेस जळतो. ॲडॉप्टरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचायचे कष्ट घ्यावेत.

दुकानात विचारायचे दोन प्रश्न इथूनच निघतात. एक, लाइट गेल्यावर हातातला फोन बेसवर ठेवला तर त्याच्या बॅटरीवर बेस चालतो का? काही मॉडेलमध्ये ही सोय असते. दोन, बेसलाच तारेचा रिसीव्हर जोडलेलं मॉडेल आहे का? ते तांब्याच्या लाइनवर विजेशिवायही बोलतं. दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल तर खोकं उघडून माहितीपुस्तिका पाहायला मागावी. गिऱ्हाइकाचा तेवढा हक्क आहे.

गंमत अशी, की खेड्याचा विचार करून बिनतारी फोन बनवणाऱ्यांच्या डोक्यात वीज पहिल्यापासून होती. नव्वदच्या दशकात आयआयटी मद्रासमधल्या प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने ‘कॉरडेक्ट’ नावाची यंत्रणा उभी केली. युरोपात घरगुती कॉर्डलेससाठी ठरवलेलं डेक्ट तंत्र त्यांनी टॉवरवर चढवलं आणि मधे अडथळा नसेल तर १० किलोमीटरपर्यंतच्या घरात फोन आणि इंटरनेट पोचवलं. गावोगाव खड्डे खणून तांबं टाकायचा खर्च वाचवणं हा हेतू, आणि घरात बसणाऱ्या डब्यात बॅटरी होती. बीएसएनएलचे डब्ल्यूएलएल फोन आणि टाटा इंडिकॉमचा ‘वॉकी’ बीड जिल्ह्यातल्या पुष्कळांना आठवत असतील. दिसायला टेबलावरचा फोन, मागे अँटेना आणि पोटात बॅटरी. आजच्या चकचकीत कॉर्डलेसच्या बेसमध्ये बहुतेक वेळा तेवढीही तजवीज नसते, ही काही प्रगती म्हणता येत नाही.

आता भिंत. खोक्यावरचे ३०० मीटर हे मोकळ्या माळरानावरचे असतात. घरात तेच डेक्ट फार तर ५० मीटर म्हणतात, आणि तेही ज्या घरात मोजलं ते घर आपलं नसतं. जुन्या बीडमधल्या काळ्या दगडाच्या वाड्यांच्या आणि माळवदाच्या भिंती दोन-दोन फूट जाड. नव्या घरांच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी. मोंढ्यात गादीच्या मागे पत्र्याचं गोदाम. रेडिओलहरींना दगड सोसतो, लोखंड अजिबात सोसत नाही. बेस लोखंडी कपाटाच्या आडोशाला किंवा फ्रिजच्या मागे ठेवला तर तिसऱ्या खोलीतच खरखर सुरू होते. बेस घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवायचा. गोदामात आवाज पोचत नसेल तर जास्त ‘पॉवरचा’ फोन शोधत फिरू नये, कारण सगळ्यांची ताकद नियमाने बांधलेली असते. बेसची जागा बदलावी, नाहीतर रिपीटर जोडता येईल असं मॉडेल घ्यावं.

फ्रिक्वेन्सीबद्दल दुकानात फारसं कोणी बोलत नाही, पण बोलायला हवं. आपल्याकडे खपणारी बरीच मॉडेल, बीटेलचं एक्स७० किंवा पॅनासॉनिकचं केएक्स-टीजी३४११ यांच्यासारखी, २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा आपल्या सरकारने २००५ मध्ये परवान्यातून मोकळा केला, म्हणून वाय-फायही तिथेच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच. राउटरला खेटून असा बेस ठेवला की बोलणं तुटतं किंवा इंटरनेट मंदावतं. वाय-फाय नसलेल्या दुकानात ही मॉडेल उत्तम. जिथे फायबर आहे तिथे १.९ गिगाहर्ट्झचं डेक्ट मिळालं तर तेच घ्यावं, आणि नाहीच मिळालं तर बेस राउटरपासून दोन-तीन मीटर लांब ठेवावा.

एक सल्ला थोडा कटू आहे. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला कॉर्डलेस लावू नये. तिथले ‘डेक्ट ६.०’ फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतात, आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइल कंपन्यांना दिलेला आहे. मोबाइल हँडसेट टॉवरशी बोलतो त्याच पट्ट्यात. तिथल्या जुन्या ९०० मेगाहर्ट्झच्या फोनचंही तेच. घरात एक फोन सुधारतो आणि बाहेर आळीतल्या मोबाइलचा बिघडतो, शिवाय ते बेकायदा. ॲडॉप्टरही ११० व्होल्टचा असला तर पहिल्याच दिवशी धूर. भारतात विकायच्या कॉर्डलेसला २०१९ पासून दूरसंचार खात्याच्या टीईसीचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, तेवढं खोक्यावर पाहावं.

बॅटरीवर मात्र दोन रुपये जास्त गेले तरी चालतील. हातातल्या फोनमध्ये बाजारात सुटे मिळणारे एएए आकाराचे दोन निकेल-मेटल हायड्राइड सेल बसत असतील, तर तो फोन पाच-सात वर्षं चालवता येतो. कंपनीचाच खास पॅक लागणारा फोन पॅक मिळेनासा झाला की अडगळीत जातो. असे खेळणं झालेले फोन बीडच्या सुभाष रोडवरच काय, कुठल्याही बाजारपेठेतल्या दुकानांच्या फळ्यांवर सापडतील. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा या सेलना मानवत नाही, दोन वर्षांत ते म्हातारे होतात. बदलताना साधे अल्कलाइन सेल घालू नयेत. बेस त्यांनाही चार्ज करायला जातो आणि ते गळतात, कधी फुटतात.

वळवाच्या पावसात कॉर्डलेसची बाजू उजवी ठरते. वीज कडाडत असताना तांब्याच्या लाइनवरचा तारेचा फोन कानाला लावणं धोक्याचं, कॉर्डलेसवर बोलणाऱ्याला तो धोका नाही. बेस तेवढा जळू शकतो, म्हणून ढग दाटले की लाइन आणि प्लग दोन्ही काढून ठेवावेत.

मग मोबाइल असताना हे सगळं कशाला? घरात वाय-फायवर मोबाइल नीट बोलत असेल आणि लँडलाइन नंबर मोबाइलवर घेणारं कंपनीचं ॲप जमत असेल, तर खरंच घेऊ नये. पण मोबाइल माणसाचा असतो आणि लँडलाइन जागेची. आडत्याचा मोबाइल आडत्याबरोबर लग्नाला जातो. गादीवरचा फोन मुनीम उचलतो. प्रसूतिगृहात रात्री दोनला फोन येतो तेव्हा ड्युटीवर कोण सिस्टर आहे हे नातेवाइकांना ठाऊक असण्याचं कारण नाही, नंबर मात्र तोच असतो, आणि कॉर्डलेस हातात असला की सिस्टर पेशंटजवळून न हलता बोलते. दोन हँडसेटचा संच घेतला तर खालचं काउंटर आणि वरचा वॉर्ड यांना इंटरकॉमही फुकट मिळतो. लावल्यावर बेसचा ०००० असा कंपनीने दिलेला पिन तेवढा बदलावा. आणि जुने नंबर भरताना लक्षात ठेवावं, की १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लागतो. स्पीड डायलवरचा मुलाचा नंबर शून्याशिवाय ठेवलेला असेल, तर आजीने नेमक्या वेळी दाबलेलं बटण वाया जातं.

आजीवरून मूळ तक्रारीकडे येऊ, कारण ती गिऱ्हाइकाच्या हुशारीने सुटणारी नाही. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये कंपन्यांना बजावलं, की एक्स्चेंजच्या विजेवर न चालणारी घरगुती फोनसेवा विकताना ८ तास टिकणाऱ्या बॅटरीचा पर्याय गिऱ्हाइकाला द्यायचा, आणि पुढे तो २४ तासांवर न्यायचा. ब्रिटनच्या ऑफकॉमने २०१८ मध्ये सांगितलं, की जे लँडलाइनवरच विसंबून आहेत त्यांना लाइट गेल्यावरही किमान १ तास आपत्कालीन फोन लावता आला पाहिजे. ब्रिटनने तर तांब्याच्या लाइन बंद करण्याची २०२५ ची मुदत २०२७ पर्यंत लांबवली, आणि त्यामागचं मोठं कारण होतं म्हाताऱ्या-आजारी माणसांची फोनवर बेतलेली धोक्याची बटणं. लाइट क्वचित जाणाऱ्या देशांना एवढी काळजी, आणि जिथे वादळाने एक तार तुटली तर रात्र अंधारात जाते तिथे फायबर बसवायला आलेला मुलगा डबा ठोकतो, वाय-फायचा पासवर्ड देतो आणि निघतो. लाइट गेली की यावरून १०८ लागणार नाही, हे त्याने सांगायला हवं, अर्जावर ते मराठीत छापायला हवं, आणि ट्रायने डब्याबरोबर बॅटरीचा पर्याय किमतीसह दाखवणं सक्तीचं करायला हवं. कॉर्डलेसच्या खोक्यावर रेंजचा आकडा जेवढ्या मोठ्या टायपात असतो, तेवढ्याच टायपात ‘वीज नसताना बंद’ ही ओळ आली तरी पुष्कळ झालं.