एका भिंतीची गोष्ट

गुन्ह्यावरील चित्रपट म्हटला की पिस्तुले, काळोखे जिने आणि मोटारींचा पाठलाग आपल्या डोळ्यांसमोर येतो. दिबाकर बॅनर्जी यांच्या 'खोसला का घोसला' या चित्रपटात एवढ्या कामाला एक कुंपणभिंत पुरली आहे. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटास २०२६ साली वीस वर्षे पुरी होतात.

कमलकिशोर खोसला (अनुपम खेर) हे दिल्लीतील मध्यमवर्गीय गृहस्थ. जन्माची पुंजी घालून ते दक्षिण दिल्लीत भूखंड घेतात. पुढे पाहतात तो खुराना (बोमन इराणी) या भूमाफियाच्या माणसांनी तेथे भिंत घातलेली! भूखंड सोडावयाचे मोल १५ लाख रुपये. पोलीस काय, वकील काय, कोणाकडेच दाद लागत नाही.

भूखंडाइतकीच मला धाकट्या मुलाची हकिगत मोलाची वाटते. वडील ज्या छपराखाली सर्वांना एकत्र ठेवू पाहतात, ते त्याला नकोच आहे. तो गुपचूप अमेरिकेस निघाला आहे. गेलेली जमीन सोडविण्याच्या खटपटीतच तो पुन्हा घरचा होतो.

अखेर नाटकमंडळींच्या साहाय्याने मत्स्यखात्याची सरकारी जमीन खुरानाच्याच गळ्यात मारली जाते. प्रेक्षक पोट धरून हसतात. परंतु सज्जन माणसाला लबाडीवाचून उपाय उरू नये, हे जयदीप साहनींच्या लेखणीने हसता हसता फार कठोरपणे सांगितले आहे. त्या वर्षीच्या उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार यास उगीच मिळाला नाही.

घरातील वडीलधाऱ्यांसह अवश्य पाहावा. नुकताच भूखंड घेतलेले कोणी शेजारी बसले असतील, तर ते मध्येच उठून कपाटातील खरेदीखत काढतील.