इंजिन रुसलं? नाडी तपासा!

पवनी तालुक्यातलं आसगाव म्हणजे धानाचा मुलूख. पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यांवर गवत माजतं. ते कापायला बाबा पेट्रोलचं यंत्र काढतात, दोरी ओढतात... फुर्र, फुर्र आणि गप्प! आता?

घाबरू नका. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि ठिणगी. कोणती रुसली, ते शोधायचं.

आधी स्विच पाहा. टाकीतलं पेट्रोल गेल्या हंगामातलं आहे का? मग बदला. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्बुरेटरचं बारीक छिद्र बुजवतो. एअर फिल्टरमध्ये भुसा अडकला असेल, तर तो साफ करा.

आता बाबांना प्लग खोलायला सांगा. दोरी ओढूनही प्लग कोरडाच? म्हणजे पेट्रोल पोहोचत नाही. ओलाचिंब? पेट्रोल पोहोचतं, पण पेटत नाही, पुसून वाळवा. काजळीने काळाकुट्ट? ब्रशने घासा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, कारण आतल्या भागांना तेच वंगण मिळतं. ते जास्त झालं की काजळी धरते, कमी पडलं की इंजिन जॅम होतं!

एक गोष्ट मात्र कध्धीच विसरू नका. पात्यात अडकलेलं गवत काढण्याआधी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढायचीच. नाहीतर पातं हाताने फिरवताना इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. यंत्र दुरुस्त होतं हो, बोटं परत येत नाहीत! बाबा विसरले, तर त्यांनाही आठवण करून द्या. द्याल ना?